बुधवारची यादी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबरोबर, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाबरोबर, मी सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करते. फिजिओथेरपीची पदवी मी महाराष्ट्रातच घेतली, इकडे येऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमधली पदव्युत्तर पदवी आणि परवाना मिळवला, आणि तेव्हापासून मुरगळलेले घोटे, ताणलेले स्नायू, निखळलेले खांदे आणि डोक्याला बसलेले मार हाच माझा रोजचा व्यवहार झाला आहे. विद्यापीठाचे नाव इथे लिहिणे योग्य होणार नाही. आमचा संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोळा विद्यापीठांच्या गटात खेळतो, एवढे पुरे. या गटाने २०२४ च्या हंगामापासून नियम केला की गटांतर्गत प्रत्येक सामन्याच्या तीन दिवस आधीपासून कोणता खेळाडू खेळू शकेल आणि कोणता नाही याची यादी प्रत्येक संघाने जाहीर केली पाहिजे. ती यादी आमच्याकडे ज्या बैठकीत ठरते, तिथे दुखापतींची माहिती मांडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ज्याला मी निव्वळ वैद्यकीय माहिती समजत होते तिला बाजारात रोख भाव आहे, हे त्या बैठकींनी मला शिकवले.

इथल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा पसारा आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून कळणारा नाही. एसईसीतल्या काही मैदानांवर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, सामने देशभर दूरचित्रवाणीवर दिसतात, आणि मैदानात उतरणारी मुले मात्र सकाळी समाजशास्त्राच्या तासाला बसून दुपारी सरावाला येणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या दुखापतींबद्दल अवाक्षर न काढणे ही इथल्या प्रशिक्षकांची जुनी रीत. सराव बंद दाराआड चालायचा, पत्रकारांनी विचारले तर ‘शनिवारी कळेल’ एवढेच उत्तर मिळायचे, आणि आपल्या मुलाचा गुडघा सुजला आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळू न देणे हा डावपेचाचाच भाग मानला जायचा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, प्रथा याच्या उलट आहे. १९४६ च्या अंतिम सामन्याच्या वेळी न्यूयॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यानंतर, १९४७ पासून, आयुक्त बर्ट बेल यांनी न खेळणाऱ्यांची नावे आधी जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे दुखापतींची यादी ही मुळातच सट्ट्याच्या धास्तीतून जन्माला आली आहे. खेळाडूच्या आरोग्याचा विचार तिच्या मुळाशी नव्हता, आणि आजही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठांना ती धास्ती एवढी वर्षे फारशी जाणवली नाही, कारण १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडा आणि आणखी मोजकी राज्ये सोडता इतरत्र खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देण्यास मनाई केली होती. चोरून सट्टा चालतच होता. पण तो चोरून चालत होता. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि एकामागून एक राज्यांनी दारे उघडली. एसईसीच्या प्रदेशातले चित्र तुकड्यातुकड्यांचे आहे. मिसिसिपीत कॅसिनोंमधला सट्टा २०१८ मध्येच सुरू झाला, टेनेसीत २०२० मध्ये तो थेट फोनवर आला, केंटकीत २०२३ मध्ये. अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना आणि टेक्सास यांनी मात्र दार उघडलेले नाही. अर्थात बंदी असलेल्या राज्यातला हौशी माणूस गाडी काढतो, सीमा ओलांडून पहिल्या पेट्रोल पंपाच्या आवारात थांबतो, आपण कुठे आहोत हे फोनला कळू देतो, पैसे लावतो आणि जेवायच्या वेळेला घरी परततो. आमच्या गावातले लोक याबद्दल इतक्या सहज बोलतात की हे कुठे बेकायदा आहे हे सांगावे लागते.

देशातल्या विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने यावर २०१९ मध्ये विचार केला होता आणि एनएफएलसारखा राष्ट्रीय अहवाल विद्यापीठांसाठी व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष काढला होता. मग गटांनी आपापली वाट काढली. बिग टेन या गटाने २०२३ पासून सामन्याच्या दोन तास आधी अहवाल देण्याचा नियम केला, पुढच्या वर्षी आमचा गट आला, आणि २०२५ मध्ये एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह हे गट. या घाईमागे बेसबॉलमधले एक प्रकरण होते, आणि आमच्या प्रशिक्षणवर्गात ते दरवर्षी उदाहरण म्हणून सांगितले जाते. एप्रिल २०२३ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक ब्रॅड बोहॅनन यांनी आपला ठरलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, दुखापतीमुळे त्या दिवशी खेळणार नाही, ही बातमी जाहीर होण्याआधी एका ओळखीच्या सट्टेबाजाला कळवली. तो माणूस त्या वेळी सिनसिनाटीच्या बेसबॉल मैदानातल्या सट्टा-केंद्रात उभा होता आणि त्याला अलाबामाविरुद्ध एक लाख डॉलर लावायचे होते; केंद्राने पंधरा हजारांवर त्याला थांबवले आणि संशय आल्याने वर कळवले. प्रशिक्षकांची नोकरी आठवड्याभरात गेली आणि पुढे एनसीएएने त्यांच्यावर पंधरा वर्षांचे निर्बंध घातले. या हकिगतीत माझ्या लक्षात राहिली ती विकली गेलेली वस्तू: एका विद्यार्थ्याची दुखरी पाठ. मी रोज वहीत लिहिते तसलीच ती नोंद होती.

हंगामापूर्वीचे शिबिर ऑगस्टमध्ये सुरू होते आणि सुरुवातीलाच शारीरिक तपासणीबरोबर सह्यांचा सोपस्कार असतो. इथे विद्यार्थी-खेळाडूची वैद्यकीय नोंद बहुतेक वेळा त्याच्या शैक्षणिक नोंदीचाच भाग मानली जाते आणि १९७४ च्या फेर्पा नावाच्या कायद्यानुसार ती त्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. म्हणून प्रत्येकाकडून संमतीपत्र घेतले जाते. माझ्यासमोर बसलेला पहिल्या वर्षाचा एक धिप्पाड लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत अंग भिडवणारा खेळाडू, तो कागद खरोखर वाचत होता, जे फार थोडे जण करतात. त्याने विचारले, ‘माझी आजी आजारी आहे, तिच्यासाठी मी एखादा सामना सोडून घरी गेलो तर ते यादीत लिहिणार का?’ मी त्याला सांगितले की यादीत नाव आणि स्थिती एवढेच येते, कारण येत नाही. एनएफएलच्या अहवालात गुडघा, घोटा, खांदा असा अवयव लिहिलेला असतो. आमच्या यादीला मुद्दाम ‘उपलब्धता अहवाल’ म्हटले आहे, आणि मोडलेले हाड असो, शिस्तभंग असो की घरचे दुःख असो, बाहेरच्या जगाला दिसतो तो ‘आउट’, म्हणजे खेळणार नाही, हा एकच शब्द. त्याचे समाधान झाल्यासारखे वाटले. पेन उचलून सही करता करता तो म्हणाला, ‘म्हणजे कारण काय असेल ते लोक आपापल्या मनाने ठरवणार.’ अठरा वर्षांच्या मुलाला जे सहज दिसले ते नियम करणाऱ्यांना दिसले नसेल असे नाही. पण कारण सांगावे तर खासगीपणा जातो आणि न सांगावे तर तर्कांना ऊत येतो, यातला दुसरा तोटा त्यांनी पत्करला. मीही तोच पत्करला असता. संमती मात्र कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न मला पडतो, कारण ज्याच्या हातात मैदानावरची जागा आहे त्याच्या कार्यालयातून आलेल्या कागदावर सही नाकारणारा खेळाडू मी पाहिलेला नाही.

यादी बुधवारी लागते, पण तिचे काम रविवारी सकाळी सुरू होते. आदल्या रात्रीच्या सामन्यात मार खाल्लेली मुले एकेक करून उपचारकक्षात येतात, आणि कोण जिना कसा उतरतो यावरूनच निम्मे निदान झालेले असते. घोटा मुरगळला असेल तर मोजपट्टी घोट्याभोवती आणि पावलाखालून आठच्या आकड्यासारखी फिरवून सूज मोजायची, दुसऱ्या पायाशी तुलना करायची, बोट नेमके कुठे लागल्यावर चेहरा आक्रसतो ते पाहायचे, मग संघाचे डॉक्टर तपासतात आणि गरज पडली तर एमआरआय होतो. यातून तयार होते ती आमची आतली यादी: अवयव, डावा की उजवा, इजा किती गंभीर, सरावात पूर्ण भाग की मर्यादित, अंगाला अंग भिडवायचे की नाही. अशा मुलांना सरावात वेगळ्या रंगाची जर्सी देतात, म्हणजे सहकारी त्यांना आदळत नाहीत.

पूर्वी ही आतली यादी कक्षाच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलेली असायची. येणारा-जाणारा प्रत्येकजण ती वाचायचा, आणि त्यात गैर काहीच नव्हते, कारण स्वयंपाकघरातल्या माणसालाही कोणाला जास्त प्रथिने द्यायची हे कळायला हवे होते. नवीन नियम येण्याच्या सुमारास तो फळा उतरवून डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेला, बाहेरच्या काचेला धुरकट कागद चिकटवला आणि छापील प्रतींवर घेणाऱ्याचे नाव येऊ लागले. तेव्हा आम्ही पहिल्यांदाच मोजून पाहिले की क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूचा, खांदा दुखतो हे आठवड्याच्या कुठल्याही दिवशी किती जणांना ठाऊक असते. प्रशिक्षक, डॉक्टर, आम्ही ट्रेनर, व्यायामशाळेचे लोक, आहारतज्ज्ञ, सामान सांभाळणारी विद्यार्थी मुले, चित्रीकरण करणारे, एमआरआय केंद्रातला तंत्रज्ञ, शिकवणी घेणारे, खेळाडूच्या खोलीतला सोबती, त्याची मैत्रीण आणि तिची आई. यातल्या कुणाच्याही तोंडून ती बातमी बाहेर पडू शकते, आणि बहुतेक वेळा ती वाईट हेतूने नाही तर काळजीपोटी पडते. ज्याच्या कानावर ती पडते तो मात्र आता खिशातल्या फोनवरून त्याच मिनिटाला पैसे लावू शकतो. कायदेशीर सट्ट्याने केलेला मोठा बदल हा आहे. आतली बातमी पूर्वीही फुटायची. ती वटवायला आधी बुकी गाठावा लागायचा.

बुधवारच्या बैठकीला मुख्य ट्रेनर, फुटबॉलचे कामकाज पाहणारा व्यवस्थापक, नियमपालन अधिकारी बाई, प्रशिक्षकांचा प्रतिनिधी आणि मी असे लोक असतो, आणि डॉक्टर फोनवर असतात. आमच्यापुढे शब्द पाच: अव्हेलेबल (खेळेल), प्रॉबेबल (बहुधा खेळेल), क्वेश्चनेबल (सांगता येत नाही), डाउटफुल (बहुधा नाही) आणि आउट (खेळणार नाही). हाड मोडलेला आणि ठणठणीत असे दोघे सोपे असतात. सगळी चर्चा मधल्या तीन शब्दांवर अडते. एका आठवड्यात आमच्या एका वेगवान रिसीव्हरच्या, म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, मांडीचा मागचा स्नायू ताणला गेला होता. रविवारी त्याला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलायला सांगितले तर निम्म्यावरच तो थांबत होता. बुधवारपर्यंत तो विनावेदना धावायला लागला होता, पण हॅमस्ट्रिंगचा भरवसा हळू धावण्यावरून देता येत नाही. पूर्ण वेगात पळताना आणि एकाएकी थांबताना तो काय म्हणतो ते महत्त्वाचे, आणि ती चाचणी गुरुवारी व्हायची होती. माझे प्रामाणिक उत्तर ‘उद्या पळवून बघू’ असे होते, आणि त्या पाच शब्दांत ते उत्तर नव्हते.

प्रशिक्षकांच्या प्रतिनिधीला ‘डाउटफुल’ हवे होते. तो खेळणार नाही असे समजून समोरचा संघ बचावाची मांडणी बदलेल, हा हिशेब त्याने लपवलाही नाही; इतकी वर्षे हाच हिशेब योग्य मानला गेला होता. अधिकारी बाईंनी शांतपणे आठवण करून दिली की खोट्या किंवा अपुऱ्या अहवालाचा दंड पहिल्या वेळी पंचवीस हजार डॉलर, दुसऱ्या वेळी पन्नास हजार आणि तिसऱ्या वेळेपासून एक लाखापर्यंत आहे. त्यावर व्यवस्थापक हसून म्हणाला की एवढ्या अंदाजपत्रकात लाख डॉलर म्हणजे काहीच नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण दंडापेक्षा त्याबरोबर येणारी चौकशी जड असते, कारण चौकशीत शनिवारी खेळलेल्या मुलाला बुधवारी ‘डाउटफुल’ कुणी आणि कशाच्या आधारावर म्हटले, असे विचारले जाईल, आणि आधार म्हणून माझीच नोंद पुढे येईल. आम्ही ‘क्वेश्चनेबल’ लिहिले. गुरुवारी तो पळाला, शुक्रवारी ‘प्रॉबेबल’ झाला, आणि शनिवारी खेळला.

सामन्याच्या दिवशी शब्द तीनच उरतात: अव्हेलेबल, गेम टाइम डिसिजन (ऐनवेळी ठरेल) आणि आउट. शेवटची यादी नव्वद मिनिटे आधी द्यायची असते. त्याआधी शंकास्पद मुलाला मी पळवून, वळवून, उड्या मारायला लावून पाहते. हे पूर्वी मैदानावरच व्हायचे. आता दार उघडल्याबरोबर आत शिरलेले लोक कठड्याशी उभे राहून फोन रोखून धरतात, आणि एखादा मुलगा वळताना जरा अडखळला तर काही मिनिटांत ती चित्रफीत हजारो लोकांकडे पोहोचते. म्हणून ही चाचणी आम्ही आतल्या सराव-दालनात नेली. जमिनीचा पोत वेगळा, बुटांची पकड वेगळी, प्रकाश वेगळा. म्हणजे वैद्यकीय दृष्टीने आम्ही कमी दर्जाची चाचणी पत्करली, आणि ती सट्ट्यासाठी पत्करली. यावर कुठे चर्चा झालेली माझ्या ऐकिवात नाही.

यादी प्रसिद्ध झाली की भाव हलतो. समजा आमचा संघ सात गुणांनी जिंकेल असा भाव आहे, म्हणजे आमच्याविरुद्ध पैसे लावणारा माणूस समोरचा संघ सातपेक्षा कमी गुणांनी हरला तरी जिंकतो. मुख्य क्वार्टरबॅक ‘आउट’ दिसला की तो सातावरून तीनावर, कधी त्याहून खाली येतो. जो बुधवारी संध्याकाळी जाहीर यादी वाचून पैसे लावतो त्याला हा बदललेला भाव मिळतो आणि ज्याला ही गोष्ट मंगळवारी कळली त्याला सात मिळतात. यादीचा उद्देश हाच, की मंगळवारच्या माणसाचा फायदा कमी व्हावा. तो काही प्रमाणात सफल झाला आहे असे मला वाटते, कारण गुरुवार-शुक्रवारी येणारे चौकश्यांचे फोन खरोखर कमी झाले. रविवार ते बुधवार हा काळ मात्र अधिक मौल्यवान झाला. शिवाय नियम फक्त गटांतर्गत सामन्यांना लागू आहे. हंगामाच्या सुरुवातीला बाहेरच्या संघांशी सामने असतात तेव्हा यादी नसते, आणि लोकांना आमची विचारपूस करण्याचा उमाळा नेमका त्याच आठवड्यांत येतो.

अशाच एका आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. महाप्रसादाच्या रांगेत मागे उभे असलेले एक काका, ज्यांनी मी नवीन असताना मला घर शोधून दिले होते, हळूच म्हणाले, ‘काय गं, तुमचा क्वार्टरबॅक शनिवारी खेळतोय ना?’ मी म्हटले, ‘काका, अजून यादी सुरू व्हायची आहे. सुरू झाली की बुधवारी लागेल, ती बघा.’ ते हसले. ‘अगं, यादी काय, सगळेच बघतात.’ त्यांच्या मनात फार मोठे काही नव्हते. पन्नास-शंभर डॉलर लावायचे, एवढेच. पण एनसीएएच्या नियमाप्रमाणे सट्ट्याशी संबंध असलेल्या माणसाला माहिती पुरवणे हा माझ्यासारख्या कर्मचाऱ्यासाठी स्वतः सट्टा खेळण्याइतकाच गुन्हा आहे, आणि मोठ्या माणसाला, तेही उपकारकर्त्याला, तोंडावर नाही म्हणण्याची सवय आपल्याला घरातून लागलेली नसते. मी मसालेभाताचे कौतुक सुरू केले. नंतर त्यांना सविस्तर फोन करून सांगितले की मला पुन्हा असे विचारले तर मला ते अधिकाऱ्यांना कळवावे लागेल. थोडा काळ ते नाराज होते.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला खरे तर हे नवे वाटायला नको. १९९४ च्या श्रीलंका दौऱ्यात मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांनी ‘जॉन’ नावाने वावरणाऱ्या भारतीय बुकीकडून पैसे घेतले होते ते खेळपट्टी आणि हवामान यांच्या माहितीसाठी. सामना हरण्यासाठी नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने त्यांना गुपचूप दंड केला आणि ते प्रकरण १९९८ मध्ये बाहेर आले. त्या वेळी आमच्या घरी ‘नुसते हवामान तर सांगितले’ असे म्हणणारे लोक होते. खुद्द क्रिकेट मात्र एनसीएएच्या नियमातून सुटले आहे: ज्या खेळांच्या स्पर्धा ती भरवते त्या खेळांवर, अगदी व्यावसायिक पातळीवरही, आम्हाला पैसे लावता येत नाहीत, आणि क्रिकेट त्यात नाही. मी हे गंमत म्हणून अधिकारी बाईंना विचारले तेव्हा त्यांनी क्रिकेट म्हणजे काय ते आधी समजून घेतले आणि मग तरीही लावू नका, असे लेखी उत्तर पाठवले.

यादीचा त्रास कुणाला होतो याचा अनुभव मला उपचाराच्या टेबलावर आला. ज्या खेळाडूला आम्ही ‘प्रॉबेबल’ म्हटले होते तो खेळायला उतरला, आणि पहिल्या सत्रातच त्याचा तोच घोटा पुन्हा वळला. रविवारी पायाला बर्फ बांधून तो झोपला होता आणि त्याने काही न बोलता फोन माझ्याकडे दिला. संदेशांची रांग लागली होती. काहींनी शिव्या दिल्या होत्या, काहींनी तू मुद्दाम पडलास म्हटले होते, आणि काहींनी पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपवरून आपल्या बुडालेल्या रकमेची रीतसर मागणी केली होती, अगदी आकड्यासह. हे लोक आमच्या संघाच्या विजयावर पैसे लावणारे नव्हते. तो मुलगा किती यार्ड धावेल यावर त्यांनी पैसे लावले होते. एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या अशा सट्ट्यावर बंदी घाला, अशी मागणी एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये केली आणि ओहायो, मेरीलँड, व्हर्माँट, लुइझियाना या राज्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंपुरती ती मान्यही केली. जिथे ती नाही तिथे आमचा ‘प्रॉबेबल’ हा शब्द लोक हमीपत्रासारखा वाचतात. मी लिहिते तेव्हा त्याचा अर्थ ‘आजवरची सुधारणा अशीच राहिली तर’ असा असतो, आणि घोट्याच्या बाबतीत ते ‘तर’ फार मोठे असते.

त्यानंतर मुलांचे बोलणे बदलले, आणि माझ्या दृष्टीने सर्वात काळजीची गोष्ट हीच आहे. दुखणे लपवणे हे खेळाडूंमध्ये पूर्वीपासूनच आहे. जागा जाईल, निवड करणारे काय म्हणतील, या भीतीने ती लपवतातच. पण आता आमच्यापाशी दुखणे सांगणे म्हणजे बुधवारी चारचौघांत ते जाहीर होणे, असे समीकरण काहींच्या मनात तयार झाले. एक मुलगा मला सरळ म्हणाला की तुम्हाला गुरुवारी सांगतो, म्हणजे निदान एक यादी तरी चुकेल. गुरुवारची यादीही लागते, हे त्याच्या लक्षात नव्हते. पण डोक्याला मार लागलेल्या मुलाने असा विचार केला असता तर काय झाले असते, या कल्पनेने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आता शिबिरात सह्यांच्या वेळी मी प्रत्येकाला वेगळे सांगते की मला सांगितलेली प्रत्येक गोष्ट यादीत जात नाही. सरावात पूर्ण भाग घेणाऱ्या मुलाचे दुखणे बाहेर सांगण्याची सक्ती कुणीही केलेली नाही.

या नियमांमुळे प्रशिक्षकांची जुनी लपवाछपवी कमी झाली, हे मला मान्य आहे, आणि यादी रद्द करावी असे मी कधीच म्हणणार नाही. यादी ज्यासाठी आहे त्या बाजाराची सावली उपचारांवर पडू नये, एवढाच माझा आग्रह आहे. आमच्या गटासह त्या वेळच्या सर्वात मोठ्या पाच गटांनी २०१६ मध्येच मान्य केले आहे की खेळाडूने पुन्हा मैदानात कधी उतरायचे याचा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर यांचा, आणि प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. खेळण्याच्या परवानगीबाबत हा नियम आमच्याकडे काटेकोरपणे पाळला जातो. यादीतला शब्द कोण ठरवणार याबाबत मात्र तो काहीच म्हणत नाही, आणि तेवढ्या फटीतून बुधवारची घासाघीस आत येते.

म्हणून मी डॉक्टरांशी बोलून एक पद्धत घालून घेतली. बैठकीच्या आधी प्रत्येक शंकास्पद खेळाडूबद्दल काय तपासले, काय आढळले, काय अजून तपासायचे आहे आणि माझ्या मते पाचांतला कोणता शब्द लागू पडतो, हे मी लिहून काढते, डॉक्टर त्यावर आपले मत लिहितात, दोघांची सही आणि वेळ पडते, आणि मगच आम्ही बैठकीला बसतो. तिथे कुणाला वेगळा शब्द हवा असेल तर त्याने त्याच कागदाखाली कारण लिहून सही करायची. व्यवस्थापकाला सुरुवातीला हा अविश्वास वाटला आणि त्याने तसे बोलूनही दाखवले. अधिकारी बाईंनी मात्र तो नमुना उचलून बास्केटबॉलच्या लोकांकडेही पाठवला आहे. हा कागद सुरू झाल्यापासून ‘डाउटफुल’ची मागणी पूर्वीसारखीच होते, पण पेन पुढे केले की ती बहुतेक वेळा मागे घेतली जाते.